सगुणचा पंप आणि दीड दिवसाचा गणपती

कोरगावच्या सगुण परबाला उभ्या जन्मात एकच गोष्ट धड येते, असं त्याची आई देवकी साऱ्या वाड्याला ऐकवायची, आणि ती गोष्ट म्हणजे घुमट, आरतीला वाजवतात ते चामडी तोंडाचं मातीचं वाद्य, वाजवणं. बाकी सगळा आनंदीआनंद! काजूच्या बागेत लावला, तर बोंडू वेचायचे सोडून हा सुतार पक्ष्याच्या ठेक्यावर मांडी बडवत बसला. चोपड्याच्या फेरीबोटीवर लावला, तर इंजिनाच्या आवाजात असा रमला की धक्क्यावर दोर टाकायचाच विसरला. बोट परत नदीत निघाली, वर दोन म्हशी आणि एक मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. हरमलला पाहुण्यांच्या खोल्या झाडायचं काम मिळालं, तिथे त्याने गोऱ्या पाहुण्यांनाच घुमट शिकवायला घेतलं. आठव्या दिवशी घरमालकाने हात जोडले.

"देवान ह्या पोराचे कान तेवढे मन लावन केले," देवकी म्हणायची. "बाकीचो करतना देवाची जेवणाची वेळ जाली आसतली."

गोवा राज्य होऊन सव्वा वर्ष झालं होतं. कोकणी की मराठी, यावर बाजारात बांगडे निवडतानाही हमरीतुमरी व्हायची. त्या दिवसांत डिचोलीत कृष्णनाथ शेटने सहाशे खुर्च्यांचं नाट्यगृह बांधलं आणि त्याला एकही जनेल, म्हणजे खिडकी, ठेवलं नाही. सगळं यंत्राने गार होणार म्हणे! अख्खी डिचोली खदखदून हसली. "शेटान सहाशें मनशांक उकडपाचें भाण बांधलां," असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. शेट माणूस वाईट नव्हता, पण हे भाणाचं, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याचं, प्रकरण त्याच्या इतकं जिव्हारी लागलं होतं की घरात आंघोळीचं पाणी तापलं, असं म्हणायचीही चोरी झाली होती.

या नाट्यगृहाच्या गच्चीवर सगुणला पंप सांभाळायला ठेवलं. बोली अशी, की चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तिसऱ्या दिवशी मुंबईच्या मंडळींचा पहिला प्रयोग होणार, त्या दिवशी यंत्र धड चाललं तर सगुण कायम. नाही चाललं तर कोरगावची बस. देवकीने "कायम" हा शब्द इतक्या लोकांना सांगून ठेवला होता की आता परत जायचं म्हणजे तोंड लपवायला जागा उरली नव्हती. शिवाय सगुणला ते काम आवडून बसलं होतं. आवडून म्हणजे किती? सकाळी पदेराकडचे पावाचे उंडे घेऊन तो गच्चीवर जायचा आणि पंपाशेजारी बसून खायचा, सोबत हवी म्हणून!

यंत्र बसवायला कोल्हापूरकडचे महादेव मिस्त्री आले होते. मिशा झुबकेदार, बोलणं तिखट. त्यांनी सगळा कारभार पहिल्याच दिवशी समजावला. हॉलमधल्या माणसांची उष्णता पाणी घेतं आणि तापून गच्चीवरच्या टॉवरात येतं. तिथे लाकडी पट्ट्यांवरून पडता पडता पंख्याच्या वाऱ्याने निवतं, खालच्या टाकीत साठतं. टाकीला दोन पंप, एक चालता आणि एक राखीव. पंप ते गार पाणी पुन्हा खाली यंत्राकडे पाठवतो. पंप थांबला की यंत्र थांबलं, आणि यंत्र थांबलं की भाण तयार.

"आता डोळं मीट," मिस्त्री म्हणाले. "पंप काय म्हनतोय?"

"घूं म्हणता."

"बरोबर! पोट भरलेला पंप असाच घुमतोय. आता ऐक." मिस्त्रींनी पंपाकडे पाणी येणाऱ्या नळाचा व्हॉल्व थोडा फिरवला. पंपाच्या पोटातून तडतड, कडकड, तडतड सुरू झाली. सगुण टुणकन उठला.

"मिस्त्री, हो चणे भाजता!"

"फुटाणे, लेका, फुटाणे!" मिस्त्री एवढे खूश झाले की त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "बीएस्सी झालेल्या पोरांना ऐकू येत न्हाई ते! पंपाला पानी ओढायचंय आणि मिळंना, की आत पोकळी पडती. मग आग नसताना पानी उकळतंय, बुडबुडं होत्यात, आणि म्होरं दाबात गेलं की फुटत्यात. एकेक बुडबुडा म्हंजी एकेक बारीक हातोडा. चार महिन्यांत लोखंडी पंखा वाळवी लागल्यागत खाऊन टाकत्यात."

"मग कितें करचें?"

"पंपाला उपाशी ठेवायचं न्हाई. टाकी काठोकाठ, नळाच्या तोंडची जाळी साफ, आणि हा आत यायचा व्हॉल्व कायम सताड उघडा. ह्याला हात लावलास तर हात मोडीन. तरीबी फुटाणं ऐकू आलंच, तर भायेर जायचा व्हॉल्व जरा आवळ. पंपाचा हावरेपणा कमी हुतोय. तेवढ्यात पळ आणि जाळी बघ."

सगुणने हे सगळं तालात बसवून पाठ केलं. आत उघडा, बाहेर आवळा, जाळी बघा. दिवसभर बोटांनी वाजवत फिरायचा.

टाकी स्वच्छ राहावी म्हणून शेटने तिच्या कठड्यावर पाटी रंगवून घेतली होती. नवा भाषेचा कायदा, कोण कुठून भांडायला येईल सांगता येत नव्हतं, म्हणून दोन्ही भाषांत आणि अक्षरं फूटपट्टीने मोजून सारखी: "हांगा कोयर घालूं नाकात. येथे कचरा टाकू नये." या पाटीवर दोन्ही बाजू खूश होत्या. पुढे जो घोळ झाला तो या पाटीनेच केला.

झालं असं, की चवथ आली आणि शेटने रजा नाकारली. "प्रयोग जायसर गच्चीवेल्यान हालचें न्हय!" म्हणाला. महादेव मिस्त्रींचा करार संपला होता. तेही दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने निघणार होते, कारण गणपती त्यांच्याही घरी होता. सगुण मात्र अडकला. कोरगावला त्यांचा गणपती पाच दिवसांचा. बाप गेल्यापासून आरतीला घुमट सगुणच वाजवायचा. आता घुमट खुंटीवर आणि तो डिचोलीच्या गच्चीवर. पेडण्याच्या बसच्या कंडक्टरकडून देवकीने निरोप धाडला, "आरती जातली, पूण बेसूर जातली." एवढं ऐकून हा बाप्या माणूस पंपाआड जाऊन डोळे पुसून आला.

ते सुमंगलाबायने पाहिलं. सुमंगलाबाय तिकीट खिडकीवर बसायची. चोपड्याची, पन्नाशीची, आवाज असा की तिला कर्ण्याची गरज पडत नसे. रजा तिलाही नव्हती.

"रडटा कित्याक?" ती कडाडली. "आमकां गणपतीकडेन वचूंक मेळना, जाल्यार गणपती हांगा येतलो! तो कांय शेटाच्या नोकरेक ना!"

आणि खरंच, चवथीच्या सकाळी ती चित्रशाळेतून वीतभर उंचीचा मातीचा गणपती पदराखाली घेऊन गच्चीवर हजर झाली. पंपाच्या शेडमध्ये पाट मांडला. वरच्या सळईला माटोळी बांधली. नारळ, काकडी, सुपारीचा घोस, रानातली चार फळं, सगळं पंपाच्या डोक्यावर डुलायला लागलं. सगुणने बाल्दी पालथी घालून घुमट म्हणून वाजवली. मिस्त्रींनी झांजा म्हणून नट आवळायचे दोन लोखंडी पाने आपटले. पंप घूं करून सूर धरत होता. अशी आरती झाली की खाली रस्त्यावरचे लोक थांबून वर बघायला लागले, आणि शेट आपल्या घरच्या गणपतीत गुंतला होता म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री गेले. जाताना पंपाला नमस्कार, गणपतीला नमस्कार, सगुणला धपाटा. संध्याकाळी विसर्जन करायचं, कारण गणपती दीड दिवसाचा ठरवला होता. पण कुठे? नदीवर जायचं तर गच्ची सोडायची, आणि गच्ची सोडली की नोकरी गेली.

सुमंगलाबायची नजर टॉवरवर गेली. "हें कितें उणें? हरवळ्याचो धबधबोच हो!"

"बाय, पाटी आसा," सगुण चाचरला.

"पाटयेर कितें बरयलां? वाच."

"कोयर घालूं नाकात."

सुमंगलाबायने कंबरेवर हात ठेवले. "गणपती कोयर?"

"ना गे!" सगुणने दोन्ही कान पकडले.

"मराठीत कितें बरयलां?"

"कचरा टाकू नये."

"गणपती कचरो? आनी देवाक टाकतात? देवाक पाण्यांत पोंवयतात! ह्या पाटयेचो आमकां कांयच संबंद ना."

आता यात चूक काढून दाखवा बघू! सगुणला सापडली नाही. उलट देवाला साचल्या पाण्यात सोडायला नको म्हणून त्याने मुद्दाम पंप सुरू केला, टॉवरातून पाणी धो धो पडायला लागलं, आणि "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत त्यांनी बाप्पाला दुर्वा, जास्वंदी, पत्री, जानव्यासकट टाकीत पोचवलं. पंप बंद केला. नैवेद्याच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाल्ल्या. सगुणला चार दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी चार वाजता प्रयोग. दोनला सगुणने एक नंबरचा पंप चालू केला. घूं. साडेतीनला सहाशेच्या सहाशे खुर्च्या भरल्या. बायका चवथीच्या नव्या साड्यांत, पुरुष खास उकडून घ्यायला आल्यासारखे तोवाले खांद्यावर टाकून, कधी घाम येतो आणि कधी हसतो अशा तयारीत. आणि कसलं काय! अर्ध्या तासात त्यांनी तेच तोवाले अंगाभोवती गुंडाळले. पहिल्या रांगेतल्या शेटची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं.

पावणेपाचला गच्चीवर पंप म्हणाला, तड.

सगुणचा हात उंड्यासकट हवेत थांबला. तड. तडतड. कड. आणि मग एकदम शेरभर चणे खापरीत ओतल्यासारखा तडतडाट! आत उघडा, बाहेर आवळा, जाळी बघा. आतला व्हॉल्व सताड उघडा होता. टाकी काठोकाठ होती. त्याने बाहेरचा व्हॉल्व आवळला. तडतड कमी झाली. लगेच राखीव पंप चालू केला, पहिला बंद केला, आणि त्याची जाळी बाहेर काढली.

जाळी कसली, चिखलाचा गोळा! वर जास्वंदीचं फूल, त्यावर गुंडाळलेलं जानवं. पुढच्या वर्षी लवकर या म्हटलं, तर बाप्पाने त्यातलं "लवकर" तेवढंच ऐकलं होतं.

त्याने जाळी घासायला घेतली आणि तेवढ्यात दुसरा पंप म्हणाला, तड. त्याच टाकीचं पाणी, तोच बाप्पा! दोन्ही पंपांना तो उपाशी मारत होता. त्याचाही बाहेरचा व्हॉल्व आवळला. तडतड थांबली, पण आता खाली पाणी कमी जायला लागलं. खालच्या यंत्राची सूचना देणारा लाल दिवा गच्चीवर आणि खाली हॉलमध्येही लुकलुकला. टाकी उपसून धुतल्याशिवाय सुटका नव्हती, आणि टाकी उपसायची म्हणजे सगळं बंद करायचं. सहाशे माणसं, जनेल एक नाही.

आणि जिन्यात शेटची पावलं वाजली.

शेट धापा टाकत वर आला. नवा कोरा सदरा, एक बटण गायब. "दिवो कित्याक तांबडो जाला? थंय कोणे तरी तोवालो सोडलो, हांवें पळयलो! कितें जालां?"

सगुण कोपरापर्यंत चिखलात होता. हातात जाळी, जाळीत फूल, फुलात जानवं.

"कितें तें?" शेट ओरडला. "जाळयेंत कितें आसा?"

एक शब्द बोलायचा होता. "कोयर, शेट." झाडांची पानं पडली, कावळ्यांनी घाण टाकली, वारा सुटला. शेटने विश्वास ठेवला असता. सुमंगलाबाय काही बोलली नसती. नोकरी वाचली असती, कायम झाला असता, देवकीची मान ताठ राहिली असती. सगुणने तोंड उघडलं. "को..." म्हणाला. पुढे जीभ वळेना! चवथीचा तिसरा दिवस, हातात बाप्पाची माती, आणि तिला कोयर म्हणायचं? काल कान पकडून ना म्हटलं होतं ते काय खोटं होतं?

"शेट," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "गणपती."

"कितें?"

"गणपती, शेट. घरा वचूंक मेळ्ळें ना म्हण हांगाच हाडिल्लो. दीड दिसाचो. काल हांगाच पोंवयलो. चूक म्हजी. सुमंगलाबायक कांय म्हणूं नाकात."

शेटने पाटीकडे बघितलं. टॉवरकडे बघितलं. माटोळी अजून शेडमध्ये डुलत होती. आता हा ओरडणार म्हणून सगुणने डोळे मिटले. खाट खाट आवाज झाला. डोळे उघडले तर शेटने पायातल्या वहाणा काढून कोपऱ्यात टाकल्या होत्या आणि त्या चिखलापुढे हात जोडून उभा होता.

"किती वेळ लागतलो?" त्याने हात जोडूनच विचारलं.

"अर्दो तास. दोगां आसल्यार वीस मिनटां."

"मागीर उबो रावून कितें पळयता? बाल्दी हाड!" आणि कृष्णनाथ शेट, खाणीवाल्यांच्या पंगतीत बसणारा माणूस, धोतराचा कासोटा मारून टाकीत उतरला.

खाली सुमंगलाबायला निरोप गेला, मध्यंतर ताण. बस्स, तिला तेवढंच हवं होतं! पडदा पडायच्या आत ती रंगमंचावर चढली. "बायांनो! चवथीचो तिसरो दीस, नवीं कापडां, इतलो व्हड माटव, आनी एक फुगडी ना? लज ना आमकां?" पुढच्या क्षणाला तीस बायका वर. मुंबईची नटमंडळी विंगेत तोंडाचा आ करून बघत राहिली. फुगडीचा फेर असा धरला की रंगमंचाच्या फळ्या दणाणल्या, सहाशे माणसं टाळ्यांनी ठेका द्यायला लागली. मुंबईच्या नायिकेलाही कुणीतरी ओढून घेतलं आणि तिचा टोप उडाला. पंप बंद आहेत याचा पत्ता कुणाला लागतो! घाम आला तो फुगडीचा, असंच सगळ्यांना वाटलं.

वर सगुण जाळ्या घासत होता, शेट बाल्दीने माती उपसत होता. एकेक बाल्दी ओतताना "मोरया" म्हणत होता. टाकी धुतली, भरली, काठोकाठ. जाळ्या चकचकीत. सगुणने पंप चालू केला आणि दोघांनी मान वाकडी करून कान लावले.

घूं.

शेटने आनंदाने सगुणला मिठी मारली. चिखलाचे दोन पंजे त्याच्या कोऱ्या सदऱ्यावर उमटले. तसाच तो खाली गेला आणि तसाच पहिल्या रांगेत बसून उरलेलं नाटक बघितलं. लोक बाहेर पडताना कुडकुडत होते. "भाण" हा शब्द त्या दिवसापासून डिचोलीत कुणी काढला नाही.

पाटीचा निकाल शेटने त्या दिवशी घरी जायच्या आधीच लावला. "सकयल बरय, देवही टाकू नये." सुमंगलाबाय उसळली, "देव टाकतात? सोडतात!" "बरें, मागीर देव सोडू नये बरय." तसं लिहिलं. पुढे कित्येक वर्षं गच्चीवर येणारा नवा माणूस "येथे देव सोडू नये" वाचून ही भजनाची जागा समजायचा आणि हात जोडून जायचा.

त्या संध्याकाळी शेटने तिकीट खिडकीत बसून सुमंगलाबायच्या पेनाने कागद लिहिला आणि सगुणपुढे सरकवला. सगुणने हात पुसले आणि वाचला. वरती मराठीत, "सगुण परब यांस आजपासून कायम करण्यात येत आहे." सही. आणि सहीखाली, घाईघाईत, चिखलाच्या बोटाचा ठसा उमटवत लिहिलेली कोकणीतली ओळ, "चवथीक रजा मागची न्हय. ती आसाच."

सगुण ती ओळ परत परत वाचत बसला, आणि मग भोकाड पसरून रडला.

"आतां कित्याक रडटा, गाढवा?" सुमंगलाबाय स्वतःच पदराने नाक पुसत ओरडली. टाकीतली मूठभर माती तिने केळीच्या पानात बांधून त्याच्या हातात कोंबली, विसर्जनाची माती घरी न्यायची असते म्हणून. "शेटाची जीप सकयल उबी आसा. कोरगांवचो गणपती पांच दिसांचो मरे? आवयक सांग, आयज आरती सुरांत जातली!"

सगुण जिने दोन दोन करून उतरला. जीप सुटली. मांडीवर माती, एका हातात कागद, तो भिजू नये म्हणून वर धरलेला, दुसऱ्या हाताने जीपच्या टपावर ठेका धरत, तो डिचोलीहून थेट आईच्या ओसरीपर्यंत वाजवत गेला.